तलवार कुणी दिली

मंगळवार, २ डिसेंबर २०२५

अकरा महिने इथे एक अक्षर लिहिलं नाही. वहीची माफी मागतो — दुसरं कुणी वाचत नाही, तेव्हा तिचीच. कारणं सांगता येतील. बाबांचा दुसरा डोळाही गेला, परीक्षा आल्या, पदोन्नतीची फाईल पुढे सरकेना. पण खरं सांगायचं तर स्वतःशी खरं बोलायचा कंटाळा आला होता.

आज दुपारी अभ्यासकेंद्रात एक विद्यार्थी आला. विद्यार्थी म्हणजे जवळपास माझ्याच वयाचा. गहिनीनाथ पालवे. पाथर्डीकडचा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त. आता राहुरीजवळ एका साखर कारखान्याच्या फाटकावर सुरक्षारक्षक आहे आणि आमच्याकडून बाहेरून बी.ए. करतो. आईबापांनी जन्मभर ऊस तोडला, आता त्यांच्याच गावच्या गाड्या मोजून आत सोडायचं काम माझ्याकडं, असं हसत म्हणाला. खुर्ची दिली तरी आधी उभाच होता.

हातात उत्तरपत्रिकेची झेरॉक्स. शेवटच्या वर्षाचा इतिहासाचा पेपर. अडतीस गुण, पास व्हायला चाळीस. माजी सैनिकांच्या जागेवर त्याची सरकारी नोकरीत निवड झाली आहे. पदवीचा निकाल अठरा तारखेपर्यंत दाखवायचा, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार.

प्रश्न चौथा, दहा गुणांचा. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातले दोन सेनानी — वॉशिंग्टन आणि कॉर्नवॉलिस — यांची तुलना करा. त्याला दोन गुण. समासात लाल शाईनं : 'तथ्य चूक'.

"चुकलं असंल तर मी गप घरी जातो, सर," तो म्हणाला. "पन काय चुकलं ते सांगा. मी लई बघितलं, मला घावत न्हाई."

बघून सांगतो म्हटलं. चहा मागवला. माझा फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. खिशात लाल पेनच होता. चिठ्ठीकडे त्यानं जरा वेळ पाहिलं, मग नीट घडी करून खिशात ठेवली.

ते 'तथ्य चूक' माझं आहे. तो पेपर मी तपासला. हे मी त्याला सांगितलं नाही.


बुधवार, ३ डिसेंबर

आज त्याचं उत्तर वाचलं. 'आज' लिहिलं खरं — म्हणजे तपासताना वाचलं नव्हतं. दिवसाला साठ पेपर. आपल्याकडे तुलना म्हणजे पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि खाली सात मुद्दे. जन्म व शिक्षण, युद्धानुभव, सैन्य, डावपेच, विजय-पराजय, स्वभाव, शरणागती. रेघ दिसली की हात गुण देतो. डोळ्यांना फक्त सातव्या मुद्द्याची चौकट शोधायची असते. तिथे 'कॉर्नवॉलिसने आपली तलवार वॉशिंग्टनच्या हाती दिली' हे वाक्य हवं. सगळ्यांचं असतं. शब्दन् शब्द.

पालव्यांनी रेघ मारलीच नाही, आणि तलवारीचं वाक्यही वेगळं; तेवढं दिसलं आणि मी 'तथ्य चूक' लिहिलं. सलग लिहिलंय. अक्षर मोठं, गिचमिड. त्यातलं उतरवून ठेवतो :

'वॉशिंग्टन जास्त लढाया हरला. पण मागे सरायची त्याला लाज वाटत नव्हती. फौज शाबूत ठेवली म्हणजे लढाई उरते. कॉर्नवॉलिस त्याच्यापेक्षा शिकलेला, त्याच्यापेक्षा जास्त मैदानं मारलेला, पण प्रत्येक विजयात त्याची माणसं कमी होत गेली आणि त्यानं थांबून मोजली नाहीत. शेवटी समुद्राकडे पाठ करून बसला आणि समुद्रावर फ्रेंच आले. शरण जायच्या दिवशी कॉर्नवॉलिस आला नाही. प्रकृती बरी नाही असा निरोप दिला. तलवार घेऊन त्याचा दुय्यम ओहारा गेला. वॉशिंग्टननं ती स्वतः घेतली नाही, आपल्या दुय्यमाकडे बोट केलं. जो आला नाही त्याच्यावर पुस्तकं आहेत. जो गेला त्याच्यावर एक ओळ आहे.'

तेवीस वर्षं शिकवतोय. ह्या प्रश्नाचं असं उत्तर मी कधी वाचलं नव्हतं. तपासतानाही वाचलं नाहीच.


गुरुवार, ४ डिसेंबर

ग्रंथालयात जाऊन तीन पुस्तकं उघडली. त्याचं बरोबर आहे. यॉर्कटाउनची शरणागती, १९ ऑक्टोबर १७८१ : कॉर्नवॉलिस बाहेर आलाच नाही. ओहारा आधी फ्रेंच सेनापतीकडे वळला, त्यानं वॉशिंग्टनकडे बोट केलं, वॉशिंग्टननं लिंकनकडे — त्याचा दुय्यम, अध्यक्ष लिंकन नव्हे. सेनापतीच्या तलवारीला सेनापती. दुय्यमाच्या हातून आली तर दुय्यमच घेईल.

मग 'तलवार वॉशिंग्टनच्या हाती' हे आलं कुठून?

बाबांच्या टिपणांतून. पातळ पुस्तिका, निळं कव्हर, 'प्रा. यज्ञेश्वर यांची इतिहास टिपणे'. २००२ साली, बाबांच्या निवृत्तीच्या वर्षी छापली. श्रीरामपूरपासून पाथर्डीपर्यंत निम्मे इतिहासशिक्षक बाबांचे विद्यार्थी, आणि उरलेले त्या विद्यार्थ्यांचे. सगळे तीच वाचून दाखवतात, मुलं तीच उतरवतात. पेपर तपासायची आदर्श उत्तरं मी तीवरूनच काढली. एकदाही ताडून पाहिलं नाही. घरातलंच होतं ना!

म्हणजे चूक बाबांची. लिहून झाल्यावर वाक्याकडे पुन्हा पाहिलं. किती सहज लिहिलं.


शनिवार, ६ डिसेंबर

नियम विचारून आलो. तपासणाऱ्यानं लेखी कबुली दिली तर गुण दुरुस्त होतात. पण महाविद्यालयाच्या परीक्षा समितीपुढे त्यानं स्वतः उभं राहून ती द्यायची. समिती गुरुवारी, अकरा तारखेला.

कबुली देणं म्हणजे काय काय? माझ्या फाईलवर शेरा. पदोन्नती दोन-तीन वर्षं मागे. हे मला चालेल असं मी स्वतःला सांगतो. खरंच चालेल का — माहीत नाही.

दुसरं जास्त अवघड. एकवीस तारखेला बाबांचं सहस्रचंद्रदर्शन. जुने विद्यार्थी येणार, आणि भेट म्हणून तीच पुस्तिका पुन्हा छापतायत. बाबांना आता दिसत नाही, पण कव्हर हाताला लागेल म्हणून अक्षरं उठावाची. त्याच्या दहा दिवस आधी मी समितीपुढे उभं राहून म्हणायचं की आमच्या वडिलांच्या टिपणांनी तेवीस वर्षं जिल्ह्याला चुकीचं शिकवलं?


सोमवार, ८ डिसेंबर

दोन्ही माणसं डोक्यातून जात नाहीत.

वर्गात मी नेहमी वॉशिंग्टनच्या बाजूनं बोलतो. सोपं असतं. जिंकलेल्याचे दोष स्वभावात मोडतात, हरलेल्याचा स्वभावही दोषात. वॉशिंग्टन स्वातंत्र्यासाठी लढला आणि घरी गुलाम ठेवले — हे आम्ही सात मुद्द्यांत घेत नाही. कॉर्नवॉलिसची माणसं त्याच्यावर जीव टाकत होती — हेही घेत नाही. बायकोच्या आजारपणात तो मोहीम सोडून घरी गेला होता. ती गेल्यावर परत आला तो मुद्दाम, अंगावर काम ओढून घ्यायला. भित्रा नव्हताच तो. गोळ्या चालू असताना सगळ्यांच्या पुढे असायचा.

मग एका दुपारी मैल-दीड मैल जायचं तेवढं त्याला जमलं नाही.

कदाचित खरंच आजारी असेल. तिथं हिवताप होता. पण दुसऱ्याच दिवशी त्यानं वरिष्ठांना शरणागतीचं लांबलचक पत्र लिहिलं, ते उपलब्ध आहे. चांगलं, नेटकं पत्र आहे. तापातल्या माणसाचं वाटत नाही.

आणि शिक्षा? काही नाही. पाच वर्षांनी तो गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला. टिपूला नमवलं, बंगालची जमीनपट्टी कायमची बांधली, गाझीपूरला वारला, तिथेच त्याची कबर आहे. जो एक दिवस गैरहजर राहिला, त्याचं काहीच अडलं नाही. हेच मला आज बरं वाटतंय, आणि बरं वाटतंय म्हणून भीती वाटते.


बुधवार, १० डिसेंबर

अर्ज लिहिला. चार वेळा. शेवटच्या खर्ड्यात 'प्रचलित टिपणांवर विसंबल्यामुळे' असं आलं आहे. 'माझ्याकडून' हा शब्द तीनदा लिहून तीनदा खोडला.

संध्याकाळी स्नेहलला फोन केला. ती आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवते, एकोणतीस वर्षांची, हुशार, तोंडाची फटकळ. पेपर तपासताना मदतीला होती. उद्या समितीपुढे माझा अर्ज तू दे, म्हटलं. मला कणकण वाटतेय.

"सर, आत्ता तर चांगले बोलताय," ती म्हणाली. मग म्हणाली, बरं, देते.


गुरुवार, ११ डिसेंबर

ताप नाही. लिहून ठेवतो. ९८.४.


त्याच दिवशी, संध्याकाळी

रुपालीनं सकाळी उशाशी थर्मामीटर आणून ठेवला होता. बायको म्हणून एवढंच बोलली ती.

पाचला स्नेहल आली. स्कूटी फाटकातच ठेवून, उभ्या उभ्या सांगितलं. प्राचार्यांनी अर्ज हातात घेतलाच नाही. कुणाचा म्हणाले. सरांचा. मग सर कुठेत? ताप आहे. तर म्हणाले, हेडक्लार्ककडे द्या. हेडक्लार्कनं ट्रेमध्ये टाकला. समिती म्हणाली, तपासणारा स्वतः आल्याशिवाय एक गुण हलणार नाही. पुढची बैठक सोळाला. त्यानंतर अठराच्या आत बैठक नाही. शिवाय तिला विचारलं, मॅडम, तुम्हीपण होता ना तपासायला? पुढच्या वर्षी तुमच्या तासिकांचं बघावं लागेल.

"माझं काय, नाही मिळाल्या तासिका तर क्लास काढीन," ती म्हणाली. हसली, पण चावी खिशात शोधत राहिली, ती तिच्या हातातच होती.

जाताना म्हणाली, "ते पालवे सकाळपासून व्हरांड्यात बसून होते. रजा टाकून आलेले. मी सांगितलं तुम्हाला ताप आहे. त्यांनी विचारलं, डॉक्टरला दाखवलं का."


शुक्रवार, १२ डिसेंबर

आजही गेलो नाही. एकदा ताप आला की तो दोन दिवस तरी राहायला हवा.


शनिवार, १३ डिसेंबर

हे सगळं लिहायचं आहे. काही गाळायचं नाही.

अकराच्या सुमाराला फाटक वाजलं. खिडकीतून पाहिलं — पालवे. हातात पिशवी. मी आतल्या खोलीत जाऊन पांघरूण घेतलं. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, डोक्यावरून पांघरूण घेतलं! रुपाली बाजारात गेली होती. पुढच्या खोलीत बाबा होते. मधे फक्त पडदा, एकूण एक शब्द ऐकू येत होता.

सर तापलेत म्हणून गुळवेल आणलीय, आमच्या बांधावरची, असं त्यानं सांगितलं. बाबांनी बसवून घेतलं. कुठली पलटण विचारलं. तोफखाना म्हणाला. बाबा खूश. आवाजावरूनच कळत होतं, किती दिवसांनी कुणी नवीन माणूस बोलायला मिळाला.

"सुहास झोपलाय आत," बाबा म्हणाले. "त्याला लहानपणापासून परीक्षेच्या दिवशी ताप येतो."

पालवे हसला नाही.

बोलता बोलता पेपरचा विषय निघाला. बाबांनी उत्तर वाचून दाखवायला सांगितलं. त्याला वाचायची गरज नव्हती, जवळजवळ पाठ आहे. त्यानं सगळं सांगितलं. मग बाबांनी विचारलं, ओहाराचं कुठं वाचलंस? युनिटच्या लायब्ररीत म्हणाला. आणि ती शेवटची ओळ — ती पुस्तकातली का?

"न्हाई सर, ती माझी."

मग त्यानं जे सांगितलं ते मी त्याच्याच शब्दांत ठेवतो. "आमचा एक पोरगा गेल्ता, सर. शेवगावकडचा. त्याच्या घरी पेटी घेऊन साहेबांनी जायचं हुतं. ऐन टायमाला साहेबांची तब्येत बिघडली, मग मला धाडलं. त्याची आई, झुंबरबाई. तिनं मलाच धरलं. तुमी त्याला का न्हाई जपलं म्हनून मलाच हलवलं. मी हवालदार, मी काय जपनार. साहेबाचा मला राग न्हाई. आसंल आजारी. पन ती माउली अजून बाजारात दिसली की तोंड फिरवती, ते मला बघून. साहेबाचं नाव बी तिला म्हाईत न्हाई."

बाबांनी विचारलं, "ह्या उत्तराला किती दिले?"

"दोन."

"दहापैकी? कुणी दिले?"

मी पांघरूण कानावरून बाजूला केलं. चिठ्ठी आठवली मला. लाल शाई, माझं अक्षर. त्याच्या खिशातली.

"नाव नसतं सर त्याच्यावर," तो म्हणाला.

त्याला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तरी गुळवेल घेऊन आला.

बाबा एकदम मास्तरी आवाजात म्हणाले, "ज्यानं दिले असतील त्याला माझ्याकडं पाठव. माळ्यावर माझी वही आहे. छापलेलं नव्हे, वही. त्यात बघ म्हणावं." हे त्यांनी पालव्याला सांगितलं, पण आवाज सरळ पडद्याकडे येत होता. आंधळ्या माणसाला पडदा कुठे आहे ते बरोबर कळतं.

जाताना पालवे म्हणाला, सरांना उठवू नका. काढा करून द्या, कडू लागंल, पन घ्यायला सांगा.


रविवार, १४ डिसेंबर

माळ्यावर चढलो नाही.

बाबांना वाटतं, वहीत बरोबर आहे. एक्क्याऐंशी वय. इतक्या वर्षांनी माणूस स्वतःच्या चुका मनात दुरुस्त करून घेतो. वही काढली आणि त्यात तेच चुकीचं वाक्य निघालं, तर ते वाचून दाखवायचं कुणी? असं म्हणत दिवस काढला. मी बाबांना वाचवतोय असं म्हणत. हे वाक्य गेले दहा दिवस फार उपयोगी पडतंय मला.

काढा घेतला. कडू होता.


सोमवार, १५ डिसेंबर

शिडी लावली. वही सापडली. १९७४ची, बाबांचं अक्षर. सातव्या मुद्द्याला पानभर मजकूर : कॉर्नवॉलिस आला नाही, आजाराचं कारण, ओहारा, लिंकन, सगळं. समासात लिहिलंय, 'हे वर्गात सावकाश सांगणे.'

त्याच गाठोड्यात छपाईला दिलेली प्रत. २००२ची. ती माझ्या अक्षरात आहे. बाबांच्या वह्यांवरून पुस्तिका मीच उतरवली होती — विसरलो होतो, की विसरायचं ठरवलं होतं, आता सांगता येत नाही. प्रत्येक पानावर मी पट्टीनं तक्ते आखले होते. सातवी चौकट पानाच्या तळाशी, दीड बोट उंचीची. बाबांचं पान त्यात मावत नव्हतं. मी एका ओळीत बसवलं. तलवार ज्याच्या हाती असायला हवी होती त्याच्या हातात देऊन टाकली.

पहिल्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलीनं बाबांचं अक्षर : 'सुहासने तपासले आहे. मी पाहण्याची गरज नाही.'

खाली उतरलो. बाबांनी विचारलं, ताप उतरला का रे?

नव्हताच, म्हटलं.

उद्या : अकरा वाजता समिती — नवा अर्ज, 'माझ्याकडून' न खोडता, प्राचार्यांच्या हातात स्वतः द्यायचा.